मसाई मारात मुक्काम कुठे? लॉज, तंबू आणि त्याआधीचा प्रश्न

केनियाच्या सफारीचं नक्की झालं की घरात चर्चा सुरू होते ती लॉज घ्यायचं की तंबू यावर. फोटो पाहून निम्मी मंडळी तंबूच्या बाजूने होतात, तर निम्मी ‘रात्री सिंह आला तर?’ म्हणत पक्क्या भिंतींचा आग्रह धरतात. छप्पर महत्त्वाचं आहेच, पण ते नंतर. मारात तुम्हाला काय दिसणार, किती निवांत बघता येणार आणि खिशातून किती जाणार, हे मुक्काम कुठल्या जमिनीवर आहे यावर ठरतं. म्हणून आधी जमीन निवडा.

ताडोबाला जाणाऱ्यांना इथे हमखास गोंधळ होतो. तिथे कोअरमध्ये जिप्सी जाते आणि मुक्काम मोहर्लीसारख्या गेटबाहेरच्या गावात असतो. मारात राहायचे तीन पर्याय आहेत: राखीव क्षेत्राच्या आत, गेटबाहेर, किंवा शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे मसाई कुटुंबांच्या मालकीच्या संरक्षित जमिनीवर.

राखीव क्षेत्र म्हणजे रिझर्व्ह सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं आहे आणि ते नारोक काउंटीच्या अखत्यारीत येतं. त्यातला मारा नदीच्या पश्चिमेचा तुकडा म्हणजे मारा ट्रँगल. २००१ पासून त्याचा कारभार मारा कॉन्झर्व्हन्सी ही वेगळी ना-नफा संस्था बघते. रस्त्यांची निगा आणि गाड्यांची शिस्त दोन्ही बाबतीत ट्रँगल उरलेल्या रिझर्व्हपेक्षा सरस आहे. रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, ओल किन्येई अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत. ही मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. २००५-०६ पासून ती एकत्र करून सफारी कॅम्पना भाड्याने देण्याची पद्धत सुरू झाली. कॅम्पवाले भाडं भरतात, ते जमीनमालकांना मिळतं, आणि गुरं कुठे, कधी चारायची हे ठरवून घेतलं जातं. तुमच्या पैशांतला काही भाग थेट त्या जमिनीच्या मालकापर्यंत पोहोचतो, आणि आमच्या दृष्टीने कॉन्झर्व्हन्सी निवडण्याचं हे मोठं कारण आहे.

तिकिटाचा हिशेब

रिझर्व्हचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जूनमध्ये १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर आहे. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६, असं बारा तासांचं. आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी १० पर्यंत बाहेर पडायची सवलत मिळते. दहा वाजून गेले की नवीन तिकीट.

आता ऑगस्टमधल्या तीन रात्रींचा हिशेब करून बघा. पहिल्या दिवशी दुपारची फेरी, मधले दोन पूर्ण दिवस, आणि शेवटच्या सकाळी एक फेरी. रिझर्व्हच्या आत राहणाऱ्याला माणशी तीन तिकिटं लागतात, म्हणजे ६०० डॉलर. सेकेनानी किंवा टालेक गेटबाहेर राहणाऱ्याला त्याच फेऱ्यांसाठी चार, म्हणजे ८००. जोडप्यामागे ४०० डॉलरचा फरक तिथेच पडला. शिवाय बाहेर राहणाऱ्याचं तिकीट एकाच प्रवेशाचं असतं. दुपारी जेवायला लॉजवर आलात की त्या दिवसाचा रिझर्व्ह संपला, म्हणून डबा बरोबर घेऊनच निघावं लागतं. गेटबाहेरचं स्वस्त लॉज स्वस्त दिसतं ते याच कारणाने. बारा रात्रींच्या मोठ्या टूरमध्ये बजेट आवळायचंच असेल तर ते ठीक, पण मारा हाच सहलीचा गाभा असेल तर आम्ही ते सुचवणार नाही. शुल्क मधूनमधून बदलतं, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा दर कॅम्पकडून लेखी घ्या.

कॉन्झर्व्हन्सीचं शुल्क वेगळं आणि रात्रीच्या हिशेबाने असतं. काही कॅम्प ते दरातच धरतात, काही खाली बारीक अक्षरात लिहितात.

रिझर्व्ह की कॉन्झर्व्हन्सी

रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, रात्रीची सफारी नाही, पायी फिरणं नाही. कॉन्झर्व्हन्सीत या तिन्ही गोष्टी नियमांत बसतात. बिबट्या झुडपात शिरला तर गाडी सावकाश मागे जाऊ शकते. अंधार पडल्यावर लाल फिल्टरच्या दिव्यात आर्डवुल्फ, स्प्रिंगहेअर, जेनेट असे दिवसा न दिसणारे प्राणी बघता येतात. गाड्यांची संख्याही आवाक्यात राहते, कारण ठराविक एकरांमागे एकच तंबू उभारू देतात. ओलारे मोटोरोगीत एका प्राण्याभोवती पाचच गाड्या थांबतात आणि सहावी लांब उभी राहून वाट बघते. रिझर्व्हमध्येही पाच गाड्यांचा नियम आहे, पण ऑगस्टमध्ये चित्त्याभोवती वीस-पंचवीस गाड्यांचा गराडा पडलेला दिसतो.

मग सगळ्यांनी कॉन्झर्व्हन्सीच का घेऊ नये? कारण नदी. स्थलांतर करणारे वाइल्डबीस्टचे, म्हणजे मोठ्या हरणासारख्या प्राण्यांचे, कळप मारा नदीत उड्या घेतात ती बहुतेक ठिकाणं रिझर्व्हमध्ये आणि ट्रँगलच्या काठावर आहेत. कळप सर्वसाधारणपणे जुलैच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत मारात असतात. नाबोइशोतून नदीवर जायचं तर पहाटे निघून दिवसभराची फेरी करावी लागते, आणि रिझर्व्हचे २०० डॉलर वेगळे. कळप काठावर येऊन चार तास उभा राहतो आणि परत फिरतो, असंही होतं. त्या चार तासांत तुमची गाडी तिथे थांबू शकते की नाही, यावर सगळं अवलंबून.

म्हणून जुलै ते ऑक्टोबरमध्ये चार रात्री असतील तर दोन ट्रँगलमध्ये किंवा नदीजवळ आणि दोन कॉन्झर्व्हन्सीत, अशी विभागणी सगळ्यात चांगली. क्रमही हाच ठेवा: आधी नदीची धावपळ, मग निवांतपणा. दोनच रात्री असतील तर वाटणी करू नका, कारण जागा बदलण्यात अर्धा दिवस जातो. नोव्हेंबर ते जूनमध्ये स्थलांतर नसतं, पण सिंह, चित्ते, हत्ती कुठे जात नाहीत. त्या काळात सगळ्या रात्री कॉन्झर्व्हन्सीत घालवा.

आता छप्पर

‘टेंटेड कॅम्प’ या नावावर भुलू नका. सारोवा मारा गेम कॅम्पमध्ये सत्तरहून जास्त तंबू आहेत. तिथे जेवणाचा बुफे आणि पोहण्याचा तलाव असा सगळा मोठ्या हॉटेलचा थाट आहे. ओलारे मोटोरोगीतल्या महाली म्झुरीत तंबू जेमतेम डझनभर. दोन्हीकडे कापडाचं छप्पर आहे, पण मुक्कामाचा अनुभव अगदी वेगळा. तेव्हा पहिला आकडा विचारा तो खोल्यांचा किंवा तंबूंचा. वीसच्या आत असतील तर गाडीच्या वेळा तुमच्या कलाने ठरू शकतात. सत्तरच्या पुढे असतील तर फेऱ्यांच्या वेळा बांधलेल्या असतात: सकाळी दोन-अडीच तास, संध्याकाळी तेवढ्याच. नदीवर थांबणाऱ्याला त्या वेळा पुरत नाहीत.

मोठ्या लॉजची बाजूही भक्कम आहे. किकोरोक किंवा ट्रँगलमधल्या टेकडीवरचं मारा सेरेना घ्या. पक्क्या भिंती, मोठं स्वयंपाकघर, सोबतीला इतर कुटुंबं. सहा-सात वर्षांची मुलं आणि सत्तरीतले आजी-आजोबा एकत्र निघाले असतील तर आम्ही डोळे झाकून लॉज म्हणू. बऱ्याच लहान कॅम्पांत पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि पायी सफारीला साधारण बारा वर्षांची अट असते. मात्र टेकडीवरच्या लॉजमध्ये पायऱ्या आणि चढाच्या पाऊलवाटा असतात. गुडघे दुखत असतील तर ‘जेवणघराच्या जवळची खोली’ असं बुकिंगमध्येच लिहून घ्या.

कड्यावरच्या जागांचा हिशेब आणखी वेगळा. ओलोलोलो कड्यावरचं अंगामा मारा मैदानापासून सुमारे ३०० मीटर उंचावर आहे. खालचा सगळा मारा तिथून नजरेत मावतो, पण प्रत्येक सफारीला आधी तो कडा उतरायचा असतो. उलट गव्हर्नर्स कॅम्पसारखा नदीकाठचा, कुंपण नसलेला कॅम्प १९७२ पासून आहे. तिथे हत्ती तंबूंमधून चालत जातात आणि पाणघोडे रात्रभर घोरतात. झोप सावध असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

तंबूतली रात्र

तंबू म्हणजे शाळेच्या शिबिरातला नव्हे. लाकडी चौथऱ्यावर जाड कॅनव्हास, आत पलंग, मागच्या बाजूला संडास-बाथरूम. चेन दोन्हीकडून लागते, आणि चेन लावलेल्या तंबूत प्राणी सहसा शिरत नाही. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पाऊल टाकायचं नाही. टॉर्चने इशारा द्यायचा किंवा वॉकीटॉकीवर बोलवायचं, की अस्करी म्हणजे पहारेकरी न्यायला येतो. हा नियम तोडल्यावर खरा धोका असतो तो म्हशीचा आणि पाणघोड्याचा, सिंहाचा त्यामानाने कमी.

आपल्याकडच्या पाहुण्यांची नेहमीची चूक म्हणजे तंबूत ठेवलेला फराळ. चिवडा, ठेपले, लाडू यांचा वास सुटला की व्हर्वेट माकडं दुपारी तुम्ही सफारीवर असताना चेन उघडून आत येतात. ती चेन उघडायला शिकलेली आहेत. दोन चेनच्या टोकांना कडी किंवा क्लिप असेल तर ती लावा, आणि खाऊचा स्टीलचा डबा आल्याबरोबर स्वयंपाकघरात देऊन टाका. कॅरीबॅगेतून काही नेऊ नका: केनियात २०१७ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्यांवरही.

मारा साधारण दीड हजार मीटर आणि त्याहून उंचावर आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो आणि उघड्या गाडीत वारा बोचतो. कॅम्पवाले रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात, हे माहीत नसेल तर पाय लागल्यावर माणूस दचकतो. लहान कॅम्पांत वीज सौर असते. हेअर ड्रायर, इस्त्री, किटली चालत नाही. झोपेत श्वासाचं यंत्र लावणाऱ्यांनी रात्रभर वीज आहे का हे लेखी विचारावंच. काही ठिकाणी आंघोळीचं पाणी बादलीतून वर चढवतात, साधारण वीस लिटर. पाच मिनिटांत आटपायचं. भिंतीतला प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, आपला बसत नाही.

जेवण

केनियात भारतीय वस्ती जुनी असल्यामुळे चपाती आणि समोसा तिथल्या रोजच्या जेवणातच आहे. मोठ्या लॉजच्या बुफेत डाळ, भात, एखादी भाजी मिळतेच. लहान कॅम्पात ताट ठरलेलं असतं आणि सामान दोन-तीन दिवसांतून एकदा येतं, म्हणून ऐनवेळी सांगून उपयोग नाही. नुसतं ‘शाकाहारी’ लिहिलं तर अंडं आणि मासा येऊ शकतो. ‘मांस, मासा, अंडं नाही, दूध चालेल’ असं सोडवून लिहा. जैन जेवण असेल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर अशी नावानिशी यादी द्या. श्रावणातले उपास असतील तर साबुदाणा घरून न्या.

सुट्ट्या, सामान आणि बुकिंगची चिठ्ठी

मे महिन्याची सुट्टी मारासाठी अवघड. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस, काळी माती चिकटते, मिनीव्हॅन रुतते, आणि कित्येक लहान कॅम्प एप्रिल-मेमध्ये बंदच असतात. जायचंच असेल तर पक्कं लॉज आणि फोर-व्हील गाडी घ्या. दर निम्मे असतात. दिवाळी ऑक्टोबरात असेल त्या वर्षी कळपांचं शेवटचं टोक गाठता येतं. नोव्हेंबरात गेली तर छोटा पाऊस सुरू झालेला असतो, पण गर्दी नसते.

नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तास, शेवटचा टप्पा खडबडीत. छोट्या विमानाने पाऊण ते एक तास. ते विमान विल्सन विमानतळावरून सुटतं, मुंबईहून उतरता त्या जोमो केन्याटावरून नव्हे. मध्ये शहराची वाहतूक कोंडी आहे, म्हणून दोहोंत किमान चार तास ठेवा. सामान हातातल्या पिशवीसकट माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. कडक चाकांची सुटकेस लहान विमानाच्या पोटात मावत नाही.

दर तोलताना ‘फुल बोर्ड’ आणि ‘गेम पॅकेज’ एका रांगेत ठेवू नका. पहिल्यात नुसतं जेवण-राहणं असतं. गाडी, गाइड, शुल्क, पेयं सगळं वर. दुसऱ्यात बहुतेक सगळं आत. चिठ्ठीत एवढं विचारा: गाडी बंद की उघडी, एका गाडीत किती माणसं, खिडकीची जागा नक्की का, दिवसभराच्या फेरीला वेगळे पैसे का, आणि गाइडकडे केनियाच्या सफारी गाइड संघटनेचं ब्राँझ, सिल्व्हर की गोल्ड प्रमाणपत्र आहे. हातात थोडे जास्त पैसे असतील तर तंबू बदलून मोठा घेण्यापेक्षा खासगी गाडी घ्या. आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेऊन पिवळं कार्ड म्हणजे लसीचा दाखला पासपोर्टबरोबर ठेवा. ते नसेल तर परत येताना भारतात सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात.