कानाचं घ्यायचं की फिजिओ? बारावीनंतरच्या दोन वाटा, आणि तिसरी जरा बाजूची

नीटचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या माझ्या दोन खोल्यांच्या, ऐकण्या-बोलण्यावर उपचार करणाऱ्या क्लिनिकात पेशंटपेक्षा पालकांचीच गर्दी जास्त होते. एमबीबीएसची आशा मावळलेली असते, पोरीचे मार्क मधलेच. बापाचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, फिजिओ घ्याव का हे तुमचं कानाचं?" आई मागून हळूच विचारते, "अन् हे करून गावाकडं राह्यता येते का?" बापाला मी दोन्ही कोर्सची माहिती देते. आईला उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून तिचा प्रश्न शेवटी घेते.

‘कानाचं’ म्हणजे बीएएसएलपी. बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी असं त्याचं लांबलचक नाव आहे. तीन वर्षं शिक्षण, चौथं वर्ष इंटर्नशिप. नावात ‘कान’ पहिला येतो, त्यामुळे लोकांना हा मशीन लावायचा कोर्स वाटतो. खरं तर अर्धा अभ्यासक्रम बोलण्याचा, भाषेचा आणि गिळण्याचा आहे. शरीररचना असतेच, पण ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्रही असतं. निव्वळ जीवशास्त्र घोकून बारावी काढलेली मुलं पहिल्या वर्षी इथंच गडबडतात. ज्याला फिजिक्समधला ध्वनीचा धडा आवडला होता, तो टिकतो. फिजिओ, म्हणजे बीपीटीएच, चार वर्षांचं आणि वर इंटर्नशिप. तिथं हाडं, स्नायू, नसा, व्यायाम. काय शिकायचं हे बाहेरूनही बऱ्यापैकी कळतं.

फरक समजावायला मी एकच पेशंट दोघांच्या हाती देऊन बघते. पन्नाशीचा शेतकरी आहे, बीपीची गोळी मधेच सोडली, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. फिजिओथेरपिस्ट त्याला बसवतो, उभा करतो, काठी देतो. महिन्याभरात माणूस अंगणात चालताना दिसतो आणि गाव म्हणतं, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. माझ्याकडे तोच माणूस समोर ठेवलेल्या पेल्याकडे बघतो. पेला काय ते त्याला पक्कं ठाऊक आहे, पण शब्द ओठावर येत नाही. पाणी पिताना ठसका लागतो, म्हणून गिळण्यापासून सुरुवात करावी लागते. तीन महिन्यांनी तो बायकोला नावानं हाक मारतो. घरातले रडतात, पण गावाला त्यातलं काही दिसत नाही. ज्या पोराला कामाचं फळ लवकर आणि चारचौघांत दिसायला हवं, त्यानं फिजिओ घ्यावं. यात मी कमी लेखत नाही, स्वभावाची गोष्ट सांगते.

प्रवेशाचं गणित फिजिओच्या बाजूनं झुकतं. नागपूरच्या शासकीय मेडिकलमध्ये फिजिओथेरपी आहे, सावंगी मेघेला आहे, अमरावतीलाही आहे. म्हणजे पोरगी दिवाळीला एसटीनं घरी येऊ शकते. बीएएसएलपीची जुनी, नावाजलेली ठिकाणं लांब आहेत. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेलं टोपीवाला मेडिकल कॉलेज आहे, तिथला अभ्यासक्रम १९६० च्या दशकापासून चालू आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. पुण्यात भारती विद्यापीठ. आणि म्हैसूरची ‘आईश’, म्हणजे ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, १९६५ ची. या क्षेत्रात ‘आईश’ हे नाव सांगितलं की मुलाखतीत पुढचे दोन प्रश्न कमी होतात.

मुंबई की म्हैसूर, असं विचाराल तर माझं उत्तर जरा वेगळं आहे. म्हैसूरला संशोधन आणि यंत्रसामग्री उत्तम आहे, पण पेशंट कन्नड बोलतात. भाषेवर उपचार करायला शिकायचं आणि समोरच्याची भाषाच येत नाही, असं पहिलं वर्ष काढावं लागतं. काही मुलं त्यातून कन्नड शिकून तरबेज होतात. परत विदर्भात यायचं पक्कं असेल तर मी मुंबई म्हणेन. तिथं पेशंट मराठी-हिंदी बोलतो आणि एका सकाळी इतके प्रकार दिसतात की डोळे फिरावेत. मुंबईची खोली आणि लोकल हा वेगळा खर्च, तो बापाच्या सोयाबीनला परवडतो का, ते घरी बसून हिशोबानं ठरवा. खासगी कॉलेजची फी त्याहून जास्त असते.

एक गोष्ट मात्र कुठंही पैसे भरण्याआधी बघायचीच. बीएएसएलपीवर भारतीय पुनर्वास परिषदेचं, म्हणजे आरसीआयचं नियंत्रण आहे. परिषदेचा कायदा १९९२ चा. कॉलेज परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत नसेल तर पदवीनंतर नोंदणी क्रमांक मिळत नाही, आणि त्याशिवाय काम करणं हा गुन्हा आहे. "नोंदणी होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ" असं सांगून फी घेणारे एजंट तालुक्याला येतात. त्यांना यादीत कॉलेजचं नाव दाखवायला सांगा.

नोकरीकडे वळू. फिजिओला पेशंट शोधावा लागत नाही. गुडघा, कंबर, मान, मोडलेलं हाड, कापसाच्या गाठोड्यानं आखडलेली पाठ. पण तालुक्याच्या एका रस्त्यावर तीन-तीन पाट्या लागल्यात, त्यामुळे दर पडलेत. माझ्या कामाचं उलटं आहे. करणारे कमी, पण लोकांना हे काम असतं हेच माहीत नाही. तीन वर्षांचं पोरगं बोलत नाही तर आजी म्हणते, "याचा बाप बी उशिरा बोलला होता." जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत असा जगभरचा दंडक आहे. माझ्याकडे अशी मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी येतात. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्रासाठी, सरकारची मदत आहे, पण तिलाही वयाची अट असते.

सरकारी जागांपैकी आपल्याकडे उपयोगाची म्हणजे जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, लहान मुलांचं लवकर निदान-उपचार केंद्र. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत सापडलेली मुलं इथं पाठवली जातात, आणि तिथं ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्ट लागतो. जागा बहुधा कंत्राटी असते. खासगीत पटकन मिळणारी नोकरी श्रवणयंत्र विकणाऱ्या दुकानात. पगार बरा असतो, पण महिन्याचं टार्गेटही असतं. मी अशा एका ठिकाणी सात महिने काढले. ज्या म्हाताऱ्याला साधं यंत्र पुरलं असतं त्याच्या गळ्यात महागडं बांधायला लावत. मी सोडलं. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण मुलाखतीत टार्गेटचं नक्की विचारा.

धंदा टाकायचा तर कानाची बाजू महाग पडते. ऐकणं मोजणारा ऑडिओमीटर लागतो, आवाजबंद खोली लागते, कानाची नस आवाज मेंदूपर्यंत पोचवते का हे बघणारी बेरासारखी तपासणी तर आणखी पुढची. बोलण्याच्या बाजूला सतरंजी, आरसा, खेळणी, चित्रं आणि अफाट चिकाटी एवढं पुरतं. म्हणूनच गावाकडे परतणाऱ्याला मी थेरपीत हात पक्का करायला सांगते. पुढं एमएस्सीला दोन्ही बाजू वेगळ्या होतातच.

आता जिथं आपल्याकडच्या पोरांचं पारडं जड आहे ते सांगते. मुंबईत शिकताना एका मुलाच्या तपासणीत नोंद झाली होती: ‘ळ’ येत नाही, ‘ण’ येत नाही. पोरगा ‘डोया’ म्हणत होता, ‘पानी’ म्हणत होता. मी म्हटलं, हा अकोल्याकडचा आहे, याची आईही ‘डोया’च म्हणेल. आईला विचारलं, तिनं ‘डोया’च म्हटलं. हा दोष नव्हता, ही वऱ्हाडी होती. मात्र पाच वर्षांचं पोरगं ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल तर ते खरं काम. कुठला उच्चार बोलीचा आणि कुठला दुरुस्तीचा, हे पुस्तकातून कळायला वर्षं लागतात. आपल्याला ते आजीच्या मांडीवर कळलेलं असतं. शिवाय आपल्याकडे मराठीच सगळ्यांची घरची भाषा नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, पांढरकवड्याकडे कोलामी, आमच्या दिग्रस-पुसदला तांड्यावर बंजारा लोकांची गोरमाटी. अंगणवाडीत गप्प बसणारं पोर घरी भरपूर बोलत असतं. ते आधी विचारायचं असतं, मग चाचणी लावायची. फिजिओच्या टेबलावर गुडघा गोरमाटी बोलत नाही, तिथं हा फायदा एवढा मिळणार नाही.

तिसरी वाट, पदवीनंतर दोन वर्षांचं श्रवणदोषाचं विशेष बी.एड. हेही आरसीआयचंच. मूकबधिर विद्यालयात शिकवायचं असेल, सांकेतिक भाषा शिकायची ओढ असेल, तर उत्तम. पण शिक्षक भरतीची वाट बघत पोरांची तिशी उलटते, हे आपण घरोघरी बघतोय. फक्त नोकरीसाठी म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

घरात लगेच कमाई सुरू व्हायला हवी आणि पोरीला विदर्भाच्या बाहेर पाठवायचं नाही, तर फिजिओ घ्या. चार वर्षं लांब ठेवता येत असेल, आणि पोरगी दुसऱ्याचं ऐकताना मोबाईल खाली ठेवत असेल, तर बीएएसएलपी. फॉर्म भरण्याआधी जिल्हा रुग्णालयात एक सकाळ फिजिओच्या ओपीडीत आणि एक डीईआयसीत बसून या. विचारलं तर बहुतेक ठिकाणी बसू देतात.

आणि आईचा प्रश्न. राहता येतं, पण एकाच गावात पाय रोवून नाही. माझा आठवडा असा जातो: दोन दिवस यवतमाळला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री, तीन दिवस दिग्रसला थेरपी, शनिवारी लांबच्या मुलांना मोबाईलवर व्हिडिओनं. चाळीस किलोमीटरवरून येणाऱ्या आईची एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तिला आठवड्यातून एकदाच बोलावते आणि बाकीचं घरी करून घ्यायला शिकवते. कापूस वेचणीच्या दिवसांत दिग्रसचे तीनाचे दोन दिवस होतात. तेव्हा मी आर्णीला चक्कर मारते.