ड्रोनची बॅग, ८,७८० रुपये आणि ‘वस्तू मिळाली ना तुम्हाला?’

आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर लाज वाटेल. बॅगेचे ६,८९०. बॅटऱ्यांच्या ‘फायरप्रूफ’ पिशवीचे ६५०. माल निघाल्यावर मागितलेलं ‘आयात शुल्क’ १,२४०. एकूण ८,७८० रुपये. आणि बदल्यात जे आलं त्यात शाळेचा डबा झकास बसतो, ड्रोन बसत नाही.

चोरलेले फोटो, खोडलेली मोठी किंमत, घाई करायला लावणारं घड्याळ, हे सगळं मलाही पाठ होतं. नेटवर पहिल्यांदा खरेदी करणारा मी नाही. पण या बॅगांच्या धंद्यात सरळ विक्रेतेसुद्धा अर्धवटच माहिती देतात. आतल्या कप्प्याचं माप कुणी लिहीत नाही, ‘सर्व ड्रोनसाठी योग्य’ असं मात्र सगळेच लिहितात. त्या गर्दीत चोर वेगळा ओळखू येत नाही. याला सबब म्हणायचं तर म्हणा.

माझा ड्रोन डीजेआयचा एअर २एस. घडी घातल्यावर १८० बाय ९७ बाय ७७ मिलिमीटर, वजन ५९५ ग्रॅम. सोबत रिमोट, चार्जर, फिल्टरची डबी आणि तीन बॅटऱ्या. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, केबिनमध्ये स्वतःजवळच ठेवाव्या लागतात. माझी एक बॅटरी ११.५५ व्होल्ट, ३,५०० एमएएच, म्हणजे साधारण ४०.४ वॉट-अवर. १०० वॉट-अवरपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये लागते, त्यापुढच्या प्रवाशाला नेताच येत नाहीत. म्हणून मला पाठीवरची, केबिनमध्ये जाणारी बॅग हवी होती. कडक पेटी चेक-इनला टाकली तरी बॅटऱ्या काढून हातात घ्याव्याच लागतात, मग दोन-दोन ओझी कशाला?

जाहिरातीत तीन गोष्टी ठळक होत्या: ‘आयपी ६७ वॉटरप्रूफ’, ‘एअरलाइन अप्रूव्ह्ड’ आणि ‘क्षमता २७ लिटर’. तिन्ही खोट्या.

आयपी ६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी आत नुकसान होईल इतकं पाणी नाही. हे जमतं झाकणाला रबरी गॅस्केट असलेल्या कडक पेटीला. साधी चेन लावलेल्या आणि शिवणीशिवणीवर सुईची भोकं असलेल्या कापडी बॅगेला कुठून जमणार? कापड कितीही चांगलं असो, शिवणीला आतून टेप नसेल तर पाणी तिथूनच शिरतं. ‘एअरलाइन अप्रूव्ह्ड’ असा सगळीकडे चालणारा शिक्का तर अस्तित्वातच नाही. प्रत्येक विमान कंपनीची मापं वेगळी, वजनाची मर्यादा वेगळी. हा शब्द दिसला की तो विक्रेता बाकीचंही फेकतोय असं समजा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून हात शिवशिवतात.

मी चॅटवर सरळ विचारलं होतं, ‘ड्रोनच्या कप्प्याचं आतलं माप सांगा.’ लगेच उत्तर आलं, ‘सर, ४८ बाय ३२ बाय १८ सेंटिमीटर, सगळे ड्रोन बसतात.’ हे तर पानावर दिलेलं बॅगेचं बाहेरचं माप! गुणाकार करून बघा: २७.६ लिटर. पानावर क्षमता किती? २७ लिटर. म्हणजे फोम, पाठीचं पॅडिंग, अस्तर, कप्प्यांच्या भिंती या सगळ्यांची मिळून जाडी जवळपास शून्य. फोम लावलेल्या बॅगेची आतली जागा बाहेरच्या आकाराएवढी असूच शकत नाही, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. दोन्ही आकडे एकाच स्क्रीनवर, माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यात मध्येच पान रिफ्रेश झालं आणि ‘ऑफर संपायला’ राहिलेली मिनिटं पुन्हा पंधरावरून सुरू झाली. तेही मी पाहिलं. पाहिलं आणि कार्डचा नंबर टाकला. का, तर तिकिटं काढलेली होती, जुन्या पाऊचची चेन गेली होती आणि प्रत्येक चौकशीला दोन मिनिटांत उत्तर देणारा, ‘सर, सर’ करणारा माणूस मला खरा वाटला. वर मित्रांच्या ग्रुपवर ‘बघा काय डील मिळालंय’ म्हणून फोटोही टाकून बसलो. ग्रुपमधली थट्टा अजून चालू आहे.

पार्सलच्या लेबलवर वजन होतं ०.६२ किलो. जाहिरातीत नुसत्या बॅगेचं वजन १.९ किलो लिहिलं होतं. लेबल फाडून टाकू नका, आधी त्याचा फोटो काढा. पुढे तोच एक पुरावा उरतो.

आत बोटभर स्पंज, वेल्क्रोच्या दोन लुळ्या पट्ट्या आणि जेमतेम ६ सेंटिमीटर खोल कप्पा. ७७ मिलिमीटरचा ड्रोन त्यात कसा जायचा? दाबून बसवला तर सगळा भार गिंबलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या नाजूक भागावर. कडी चुंबकाची, तीही बरोबर ड्रोन ठेवायच्या जागेवर. ड्रोनमध्ये कंपास असतो, त्याला चुंबक मुळीच नको. ‘फायरप्रूफ’ पिशवी म्हणजे चंदेरी रंग दिलेलं कापड. खऱ्या पिशव्या काचतंतूच्या विणीच्या असतात, आणि त्याही आग थांबवत नाहीत, थोडा वेळ आवरून धरतात एवढंच. बॅटरीच्या टोकांना टोपी नाहीतर टेप लावा, त्याला ६५० रुपये पडत नाहीत.

तक्रार केल्यावर ‘सर’ म्हणणारा बदलला. बॅग ठेवून घ्या, १५ टक्के परत देतो, म्हणजे १,०३३ रुपये ५० पैसे. मी चिडलो, तर ३० टक्के, २,०६७ रुपये. परतच करायची असेल तर स्वखर्चाने परदेशातल्या गोदामात पाठवा. कुरियरने त्याचे ३,१५० सांगितले. असली ‘तडजोड’ अजिबात घेऊ नका. एकदा ती घेतली की बँकेकडची तक्रार लंगडी पडते. त्याऐवजी परत पाठवायची तयारी लेखी कळवा, कारण बँक नेमकं तेच विचारते.

बँकेचंही सांगतो. पहिलं उत्तर: ‘व्यवहार तुम्ही स्वतः ओटीपी टाकून केला आहे, त्यामुळे ही फसवणूक नाही.’ मी म्हटलं, कार्ड चोरीला गेल्याची नाही, माल वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार आहे, चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागायचा, फॉर्म द्या. फॉर्म कुठे मिळतो हे तीन टेबलांवर कुणालाच माहीत नव्हतं. पेमेंट घेणाऱ्या कंपनीने कळवलं, ‘कृपया विक्रेत्याशी संपर्क साधा.’ विक्रेता फसवतोय हीच तर तक्रार! ग्राहक मदतवाहिनीवरची बाई नम्रपणे म्हणाली, कंपनीचा या देशातला पत्ता द्या. पत्ता असता तर मी फोन कशाला केला असता? कुरियरवाल्यांचं एकच पालुपद, ‘आमच्याकडे डिलिव्हर्ड दाखवतंय.’

पोलिसांकडे गेलो तेव्हा साहेबांनी अर्ज वाचला, मान वर केली आणि विचारलं, ‘वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग हा ग्राहक वाद झाला.’ मी कप्प्याची खोली मोजून दाखवली. ते बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘ड्रोनची नोंदणी केली आहे का? कागद दाखवा.’ बॅगेची तक्रार घेऊन गेलेला माणूस पुढचा पाऊण तास स्वतःची कागदपत्रं दाखवत बसला. कागद होते म्हणून सुटलो. नसते तर फसवणारा निवांत आणि फसलेला आत, हेही घडलं असतं. निघताना पोच मागितली तर ‘ऑनलाइन टाका, तिथे नंबर मिळेल’. ऑनलाइन टाकली. नंबर मिळाला. त्यापुढे काहीच नाही.

अजून कुणी या फेऱ्यात असेल तर: पान गायब होण्याआधी मापं, वजन आणि चॅट यांचे स्क्रीनशॉट घ्या. नंतर मागितलेलं शुल्क खात्री केल्याशिवाय भरू नका. खरं शुल्क कुरियर कंपनी किंवा सरकारी यंत्रणा वसूल करते, चॅटवरचा दुकानदार लिंक पाठवून नाही. १,२४० रुपये मी त्याच लिंकवर भरले. आणि बॅग कुठूनही घ्या, आधी घडी घातलेला ड्रोन पट्टीने मोजा आणि आतलं माप लेखी मागा. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा.

बँकेने माझी तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली, कारण विक्रेत्याने पोच झाल्याचा पुरावा दिला. मी पुन्हा अपील केलंय. सोबत लेबलचा फोटो जोडलाय: १.९ किलोची बॅग ०.६२ किलोच्या पार्सलमध्ये कशी आली, एवढाच प्रश्न. त्यावर आलेल्या ईमेलमध्ये ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं लिहिलंय, आणि खाली पाच तारे द्यायची सोय.