शेणखत, गांडूळखत, कोंबडीखत: ज्वारी-गव्हाच्या एका फेऱ्यानंतरचा अनुभव

खरिपात ज्वारी आणि तिच्यामागून रब्बीत गहू, अशा एका पूर्ण फेऱ्यात काळ्या भारी जमिनीवर ही तिन्ही खते वापरली. माझे मत आधीच सांगतो: सेंद्रिय खत ट्रॉलीच्या किंवा पोत्याच्या हिशेबाने घेऊ नये, त्यातला ओलावा वजा करून उरलेल्या कोरड्या वजनात नत्र (नायट्रोजन) किती, ते पाहून घ्यावे.

शेणखतात ०.५ टक्का नत्र, ०.२ टक्का स्फुरद (फॉस्फरस) आणि ०.५ टक्का पालाश (पोटॅशियम) असतो, असे ढोबळमानाने धरले जाते. हा हिशेब चांगल्या राखलेल्या, नीट कुजलेल्या खताला लागू पडतो. उघड्या उकिरड्यावर पावसाळा काढलेल्या खताला नाही. जनावराने खाल्लेल्या पालाशाचा मोठा भाग आणि नत्राचाही बराच वाटा मूत्रातून बाहेर पडतो, आणि गोठ्याची जमीन मुरमाची असेल तर तो तिथेच जिरतो. मी विकत घेतलेल्या शेणखताच्या पृथक्करणात नत्र कमी आणि खरवडून आलेली माती भरपूर निघाली, याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

आता मात्रेकडे येऊ. ज्वारीला हेक्टरी १०० किलो नत्र धरले आणि त्यातले निम्मे शेणखतातून द्यायचे ठरवले, तर ०.५ टक्क्याच्या खताचे १० टन लागतात, म्हणजे एकरी ४ टन. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारी-गहू पद्धतीवर १९८८ पासून दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. त्यातील एका प्रक्रियेत, म्हणजे ठरावीक खते मिळणाऱ्या तुकड्यांत, रासायनिक खतांच्या पूर्ण मात्रेला हेक्टरी ५ टन शेणखताची जोड दिली जाते. पाच टनांत कागदोपत्री २५ किलो नत्र येते आणि पहिल्या हंगामात पिकाच्या हाती त्याचा काही अंशच लागतो. म्हणून तिथे शेणखत रासायनिक मात्रेच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला आहे, हे विसरता कामा नये. उलट इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाक शेतात १८४३ पासून गव्हाच्या काही तुकड्यांना हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत दिले जात आहे, त्यातून वर्षाला सुमारे २४० किलो नत्र जाते, आणि तिथल्या मातीतील सेंद्रिय कर्ब (कार्बन) खत न दिलेल्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक झाला आहे. नुसत्या शेणखतावर गहू उत्तम पिकतो याचा दाखला म्हणून हे शेत सांगितले जाते, पण एकरी १४ टन खत दरवर्षी आणायचे कोठून, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

गव्हाच्या एका पट्ट्याला पोत्यातले गांडूळखत दिले. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किमान १ टक्का नत्र, १८ टक्के सेंद्रिय कर्ब आणि १५ ते २५ टक्के ओलावा अपेक्षित आहे. माझ्या पोत्यांतला काही माल हातात दाबला की गोळा होण्याइतका ओला होता, म्हणजे पाण्याचेही पैसे मोजले गेले. एक टक्क्याने ४० किलोच्या पोत्यात ४०० ग्रॅम नत्र येते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ते २० किलोंहून अधिक असते. हेक्टरी १२० किलोच्या शिफारशीने गव्हाला एकरी सुमारे ४८ किलो नत्र लागते, आणि ते सगळे गांडूळखतातून द्यायचे तर १२० पोती उतरवून घ्यावी लागतील. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत हे खत मला पटते, गव्हात नाही.

कोंबडीखत नत्राला सर्वांत स्वस्त पडले. चांगल्या कोरड्या मालात सुमारे ३ टक्के नत्र आणि जवळपास तेवढेच स्फुरद असते. पसरल्यावर ते उघडे राहिले तर अमोनिया उडून जातो, म्हणून त्याच दिवशी कुळवाची पाळी देऊन मातीआड केले. त्या पट्ट्यात फुटवे लवकर आणि दाट आले. मात्र नत्राची सगळी गरज दरवर्षी यातूनच भागवली, तर गव्हाला लागते त्याच्या कितीतरी पट स्फुरद जमिनीत साठेल. म्हणून पुढच्या गव्हाला त्याचा वाटा स्फुरदाच्या गरजेवर ठरवणार आहे, उरलेले नत्र युरियातून देणार आहे आणि शेणखत ज्वारीआधीच टाकणार आहे. विक्रेत्याकडे आता दरासोबत ओलाव्याची टक्केवारीही लेखी मागतो. ती देणारे अजून थोडेच आहेत.