अँड्रॉइडचे मेसेजफॉरमॅट मराठी क्रमांकांना कितपत पेलते?

लातूरच्या एखाद्या क्लाससाठी निकालाचे अ‍ॅप करायचे म्हटले की गुणवत्ता यादीतला क्रमांक दाखवणे आलेच, आणि शेवटचा अंक पाहून प्रत्यय लावण्याची इंग्रजी रीत तशीच उचलली तर ‘२१ला’, ‘३२रा’ असे क्रमांक थेट पालकांच्या मोबाइलवर जाऊन पडतात. आयसीयू ही निरनिराळ्या भाषांचे नियम सांभाळणारी लायब्ररी, आणि मेसेजफॉरमॅट हे तिच्यातले संख्या वगैरे घालून वाक्य तयार करणारे साधन; अँड्रॉइड ७.० (२०१६) पासून ते प्रणालीतच मिळते. त्यातला ‘सिलेक्टऑर्डिनल’, म्हणजे क्रमांक कोणत्या गटात पडतो ते पाहून मजकूर निवडणारा प्रकार, यावर चांगला उपाय आहे. मराठीसाठी त्यात चार गट आहेत: ‘वन’मध्ये फक्त १, ‘टू’मध्ये २ आणि ३, ‘फ्यू’मध्ये ४, आणि बाकी सगळे ‘अदर’मध्ये. हिंदीत ‘छठा’साठी आणखी एक गट आहे, तो आपल्याला लागत नाही. ‘१ला’ऐवजी ‘पहिला’ असे अक्षरी हवे असेल, तर ठरावीक संख्येसाठी स्वतंत्र मजकूर देण्याचीही सोय आहे.

लोकॅल, म्हणजे कोणत्या भाषेचे आणि प्रदेशाचे नियम वापरायचे ही खूण, देण्यात मात्र हयगय चालत नाही. फोन इंग्रजीत आणि अ‍ॅपची भाषा मराठी, असे आपल्याकडे सर्रास असते. अशा वेळी मेसेजफॉरमॅटला मराठी लोकॅल स्पष्टपणे दिले नाही, तर इंग्रजीचे नियम लागू होऊन तिसऱ्या आलेल्या मुलाच्या नावापुढे ‘3था’ उमटते, चौथ्याला ‘4वा’ मिळते आणि अंकही देवनागरीत येत नाहीत. लोकॅल दिले की ‘३रा’ आणि ‘४था’ बिनचूक येतात.

लिंग आणि विभक्ती यांचा भार मात्र विकसकावरच राहतो. क्रमांक ५वा, इयत्ता ५वी, वर्ष ५वे, आणि ‘५व्या फेरीत’ म्हणताना सामान्यरूप; म्हणजे चार गटांची सोळा रूपे हाताने लिहावी लागतात. सामान्यरूप तिन्ही लिंगांत एकच असते, हे त्यातल्या त्यात नशीब. आयफोनच्या आयओएस ९ पासूनच्या नंबरफॉरमॅटर या संख्या लिहिण्याच्या साधनामध्ये क्रमवाचक शैली एका ओळीत मिळते खरी, पण तिला लिंग सांगता येत नाही, त्यामुळे मराठीसाठी मला मेसेजफॉरमॅटच उजवे वाटते. अँड्रॉइडच्या नेहमीच्या ‘प्लुरल्स’वर येथे विसंबू नये, कारण ते केवळ एकवचन-अनेकवचनासाठी आहेत, सिलेक्टऑर्डिनलचा मजकूर साध्या स्ट्रिंगमध्ये ठेवून मेसेजफॉरमॅटकडे द्यावा. ७.० च्या आधीच्या फोनवर ही सोय प्रणालीत नाही, आणि तेवढ्यासाठी अख्खी आयसीयू लायब्ररी अ‍ॅपमध्ये कोंबण्यापेक्षा चार अटींचे छोटे फंक्शन लिहिलेले परवडते.