घरची शिडी की दूरचा करार: रग्बी लीग खेळणाऱ्या मुलासाठी पेनरिथ आणि मेलबर्न

मुलगा पंधरा-सोळाचा आहे, पश्चिम सिडनीतल्या स्थानिक क्लबकडून तीन-चार मोसम खेळला आहे आणि आता कुणीतरी त्याच्याकडे लक्ष देऊन बघू लागलं आहे. अशा घरासाठी हे लिहितो आहे. ब्लॅकटाउन-पेनरिथच्या पट्ट्यात भारतीय वस्ती मोठी आहे, त्यामुळे हा प्रश्न मराठी घरातही येऊ शकतो. सहा टॅकल (समोरच्यांनी सहा वेळा पकडेपर्यंत चेंडू आपल्याकडे), तेरा खेळाडू, दहा मीटर मागे हटणं हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

पर्याय ढोबळमानाने दोन. पहिला, आपल्या जिल्ह्याच्या क्लबची शिडी पायरीपायरीने चढणं. याचं आजचं सगळ्यात ठळक उदाहरण पेनरिथ पँथर्स. दुसरा, बाहेरून मुलं शोधून आणणाऱ्या क्लबचा करार घेणं. इथे मेलबर्न स्टॉर्मचं नाव घ्यावं लागतं. सिडनी रूस्टर्स ही तिसरी तऱ्हा. पण स्वतःचा ज्युनियर जिल्हा लहान असल्याने त्यांची ताकद मुख्यतः तयार खेळाडू आणण्यात आहे. २०१८ मध्ये जेम्स टेडेस्को आणि कूपर क्रॉन्क आले आणि त्या वर्षी व पुढच्या वर्षी एनआरएलचं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेचं, विजेतेपद मिळालं. पंधरा वर्षांच्या मुलाला ते उदाहरण फारसं कामाचं नाही.

दोन्ही पद्धती यशस्वी आहेत, हे आधी मान्य करू. २०२० च्या अंतिम सामन्यात मेलबर्नने पेनरिथला २६-२० हरवलं, २०२४ मध्ये पेनरिथने मेलबर्नला १४-६. मधल्या काळात पेनरिथने २०२१ पासून सलग चार विजेतेपदं मिळवली. क्रेग बेलामी २००३ पासून मेलबर्नचे मुख्य प्रशिक्षक आहेत, आणि इतका काळ एकाच माणसाची शिकवण टिकणं या खेळात दुर्मीळ आहे. त्यामुळे कोणता क्लब मोठा हा मुद्दाच नाही. कोणत्या वयात मुलगा कुणाच्या हाताखाली असेल, एवढं बघायचं.

पेनरिथची शिडी अशी: स्थानिक क्लब, मग हॅरल्ड मॅथ्यूज कप (सतरा वर्षांखालील), एसजी बॉल (एकोणीस वर्षांखालील), जर्सी फ्लेग (एकवीस वर्षांखालील), न्यू साउथ वेल्स कप (एनआरएलच्या खालची श्रेणी) आणि शेवटी एनआरएल. पहिल्या दोन स्पर्धा फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन मे महिन्यापर्यंत आटोपतात, म्हणजे तयारी आदल्या वर्षीच्या शेवटच्या तिमाहीत चालू झालेली असते. २०२२ मध्ये पेनरिथने एसजी बॉल, जर्सी फ्लेग, न्यू साउथ वेल्स कप आणि एनआरएल अशा चारही ठिकाणी विजेतेपद मिळवलं. क्लबच्या श्रीमंतीने एक संघ जिंकू शकतो. चार श्रेणींतले संघ एकाच वर्षी जिंकतात ते सगळीकडे एकच खेळ शिकवला जात असेल तरच. स्वतःच्या हद्दीतून बाहेर यायचं तर साधारण सगळ्या श्रेणींचा साचा सारखा: पहिल्या दोन-तीन वेळा चेंडू घेऊन धावतात विंगर (अगदी कडेचे) आणि फुलबॅक (सगळ्यात मागचा), मग फॉरवर्ड (पुढच्या फळीतले), मग किक आणि तिच्यामागे एका रेषेत धावणारा संघ. म्हणूनच तिथे विंगर म्हणजे कोपऱ्यात उभा राहून पासची वाट बघणारा मुलगा नसतो. पेनरिथचा विंगर ब्रायन टोओ एका सामन्यात दोनशे मीटरच्या वर धावतो ते याच कामामुळे.

मेलबर्नचं गणित वेगळं आहे, आणि त्याला कारणही आहे. व्हिक्टोरिया हे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं राज्य. तिथे लीगचा ज्युनियर पाया लहान. म्हणून क्लबने सुरुवातीपासून क्वीन्सलँड आणि न्यूझीलंडकडे पाहिलं. बिली स्लेटर इनिसफेलचा, कॅमरन स्मिथ लोगनचा, कॅमरन मन्स्टर रॉकहॅम्प्टनचा. निवडताना मुलगा आज कुठे खेळतो यापेक्षा त्याच्यात काय घडवता येईल हे बघण्याची त्यांची नजर खरोखर असामान्य आहे. रूस्टर्सला जाण्याआधी इथे क्रॉन्क बेंचवरचा, कुठेही चालणारा खेळाडू होता. २००६ पासून तो हाफबॅक (संघाच्या चाली रचणारा) झाला. मन्स्टर आधी फुलबॅक, मग फाइव्ह-एट (हाफबॅकचा जोडीदार). जाहरोम ह्यूज दोन क्लब फिरून आला, फुलबॅकचा हाफबॅक झाला आणि मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा २०२४ चा डॅली एम पुरस्कार मिळवला. टॅकलमधली कुस्ती मेलबर्नने जितकी बारकाईने अभ्यासली तितकी फार थोड्यांनी. समोरच्याला पाठीवर आणायचं, त्याचं उठणं लांबवायचं. या प्रकाराला आवर घालणं हे २००९ मध्ये दुसरा पंच आणण्यामागचं एक मोठं कारण होतं. २०२० मध्ये पुन्हा एक पंच झाला आणि रकमधल्या (टॅकल झाल्यावर चेंडू परत खेळला जातो तिथल्या) चुकीला पेनल्टीऐवजी नव्याने सहा टॅकल मिळू लागले.

हा २०२० चा बदल पालकांनी नीट समजून घ्यावा, कारण त्याने कोणता मुलगा निवडला जातो तेच बदललं. पेनल्टी मिळाली की खेळ थांबायचा आणि मोठ्या देहाच्या प्रॉपला (मधल्या फॉरवर्डला) श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आता खेळ पूर्वीइतका थांबत नाही. त्यामुळे नुसत्या वजनावर पंधराव्या वर्षी उठून दिसणारा मुलगा अठराव्या वर्षी मागे पडण्याची शक्यता वाढली, आणि चपळ, सतत उठून ओळीत परतणाऱ्या मुलाचं मोल वाढलं.

तरीही निवड अजून देहावरच होते. हे दोन्हीकडचं दुखणं. वयोगट कॅलेंडर वर्षावर ठरतात, म्हणून जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेली मुलं प्रातिनिधिक संघांत जास्त दिसतात आणि डिसेंबरच्या मुलाला जवळपास वर्षभर मोठ्या मुलाशी भिडावं लागतं. तुमचा मुलगा उशिरा वाढणारा असेल तर मॅथ्यूजच्या संघात नाव न येणं हा निकाल समजू नये. इथे घरच्या शिडीचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. नाव आलं नाही तरी तो स्थानिक क्लबकडून त्याच मैदानांवर, त्याच निवडकर्त्यांच्या डोळ्यांसमोर खेळत राहतो आणि पुढच्या पायरीला परत बोलावला जाऊ शकतो. दूरच्या क्लबने सोडलं तर सतराव्या वर्षी घरी परतून पुन्हा ओळखीपासून सुरुवात करावी लागते.

आता ज्या एका गोष्टीवर माझं पारडं झुकलं, तिच्याबद्दल. दूरच्या करारात ज्याने मुलाला पसंत केलं तो त्याला शिकवत नाही. भरती करणारा माणूस वेगळा, आणि मधली वर्षं मुलगा ज्याच्या हाताखाली खेळतो तो प्रशिक्षक वेगळ्या क्लबचा. मेलबर्नने वर्षानुवर्षं क्वीन्सलँडमधल्या संलग्न क्लबांतून मुलं वाढवली. स्मिथ, स्लेटर, क्रॉन्क तिघेही ब्रिस्बेनच्या नॉर्थ्स डेव्हिल्समधून गेले. ते तिघे असाधारण होते आणि त्यांना मुख्य संघाची हाक लवकर आली. सर्वसाधारण मुलाच्या वाट्याला सही आणि बेलामींचा सराव यांच्यामध्ये तीन-चार वर्षं येतात. त्या वर्षांत त्याला शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचे सामने जिंकायचे असतात, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

नुकसान कसं होतं ते बचावाच्या एका उदाहरणातून सांगतो. सेंटर (विंगरच्या आतल्या बाजूचा) खेळणाऱ्या मुलाला एका ठिकाणी शिकवतात: आतल्या माणसावर नजर ठेव, तो सुटला की पास होईपर्यंत थांब, मग बाहेर सरक. दुसऱ्या ठिकाणी शिकवतात: बाहेरून वेगाने वर ये आणि पास होण्याआधीच दार बंद कर. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, दोन्हीवर विजेतेपदं आली आहेत. पण सोळाव्या वर्षी पहिली आणि सतराव्या वर्षी दुसरी शिकलेला मुलगा अठराव्या वर्षी दाबाखाली अर्धा सेकंद अडखळतो. तेवढ्यात आतला हाफ चेंडू धरून ठेवतो, विंगर गोंधळून आत येतो आणि कोपरा मोकळा पडतो. व्हिडिओत ती चूक विंगरच्या नावावर लागते. मूळ कारण दोन मोसम मागे असतं आणि ते कुणाच्याच वहीत नसतं.

टॅकलचंही तेच. कबड्डीत कोपरारक्षकाचा पाय कुठे पडला यावर पकड ठरते, तसंच इथे पुढचं पाऊल समोरच्याच्या दोन पायांच्या मध्ये गेलं तरच खांदा पोचतो. त्याच बाजूचा पाय, त्याच बाजूचा खांदा, डोकं बाजूला, मग हात घट्ट आणि पाय चालू. पाऊल आखूड पडलं की मुलगा हात लांबवतो, डोकं पुढे जातं आणि दुखापत तिथेच होते. ही सवय पंधरा ते अठरामध्ये पक्की होते. दर हंगामाला नवा माणूस नवा शब्द वापरून ती दुरुस्त करू लागला, तर मुलगा शब्द शिकतो आणि पाऊल तसंच राहतं. तीच गोष्ट प्ले-द-बॉलची, म्हणजे टॅकलनंतर चेंडू परत खेळात आणण्याची. पोटावर, कोपर आणि गुडघ्यांवर उतरणं, चेंडू आधी जमिनीला लावणं, उठताना नजर मार्करवर (समोर उभ्या बचावपटूवर). तीन सेकंदांच्या आसपास चेंडू परत खेळता आला तर समोरची ओळ सावरण्याआधी पुढची धाव सुरू होते. हे शिकवायला वर्षं लागतात, आणि ती सलग असावी लागतात.

घरच्या शिडीवर मॅथ्यूजचा प्रशिक्षक जे बोलतो तेच फ्लेगचा बोलतो. सगळं सुरळीत असतं असं नाही, तिथेही माणसं बदलतात: पेनरिथचे सहायक प्रशिक्षक कॅमरन सिराल्डो २०२३ मध्ये बुलडॉग्ज या दुसऱ्या क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले. पण खाणाखुणा आणि आखणी क्लबची असते, माणसाबरोबर निघून जात नाही. खेळाडूंच्या बाबतीत हे जास्त स्पष्ट दिसतं. मॅट बर्टन, व्हिलियामे किकाऊ, एपी कोरोइसाऊ, स्टीफन क्रायटन, स्पेन्सर लेनिऊ एकामागून एक गेले. वेतनमर्यादेमुळे जावंच लागलं, तरी २०२४ चा करंडक तिथेच राहिला. त्यानंतर जरोम लुआई आणि जेम्स फिशर-हॅरिसही गेले.

हीच यादी शिडीची अडचणही सांगते, आणि ती लहान नाही. जागा अडलेली असते. हाफबॅक नेथन क्लियरीने २०१६ मध्ये पदार्पण केलं. तेव्हापासून पेनरिथच्या प्रत्येक तरुण हाफला वर पाहिलं की तोच दिसतो. बर्टन मूळचा हाफ, पण २०२१ मध्ये सेंटर म्हणून विजेतेपद खेळला आणि आपल्या जागेसाठी बुलडॉग्जला गेला. लुआईने हाफची मुख्य जबाबदारी घ्यायला वेस्ट्स टायगर्स गाठलं. तुमचा मुलगा हाफ किंवा हूकर (टॅकलनंतर चेंडू उचलून पहिला पास देणारा) असेल तर वरच्या दोन पायऱ्यांवर त्याच्या जागेवर कोण आहे, त्यांचं वय काय, हे पाहूनच ठरवा. एज बॅकरो (कडेला खेळणारा फॉरवर्ड), सेंटर, विंग या जागा तुलनेने हलत्या राहतात. आणि पेनरिथ निव्वळ स्थानिक मुलांवर चालतो असंही समजू नये. किकाऊ नॉर्थ क्वीन्सलँडच्या ज्युनियर संघातून आला, कोरोइसाऊ मॅनलीहून परतला, आयझाया यिओ डब्बोचा, लियम मार्टिन टेमोराचा. बाहेरून आणलेल्यांनाही शिडीच्याच भाषेत बसवलं जातं, एवढाच फरक.

शाळेचा मुद्दा थोडक्यात, पण तो सोडू नका. न्यू साउथ वेल्समध्ये बारावीचा एचएससी अभ्यास अकरावीच्या चौथ्या सत्रातच सुरू होतो. व्हिक्टोरियाचा व्हीसीई साधारण दोन वर्षांत विभागलेला आहे. अकरावीच्या मध्यावर राज्य बदललं तर विषय जुळत नाहीत आणि मुलगा खेळ व अभ्यास दोन्हींत एकाच वेळी नवखा ठरतो. जायचंच असेल तर दहावीनंतर किंवा बारावीनंतर.

बारावीनंतर मात्र माझं मत बरंच सैल होतं. एकोणीस-वीस वर्षांचा, पाया पक्का झालेला, पण स्वतःच्या क्लबात जागा न मिळालेला मुलगा असेल तर मेलबर्नची हाक मी तरी नाकारणार नाही. रायन पॅपनह्यूझन बालमेन-टायगर्सच्या ज्युनियरमधून तिथे गेला आणि २०२० च्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वयात मुलगा थेट मुख्य सराव गटात असतो, आणि ज्याने त्याला निवडलं त्याच्या शेजारीच शिकवणारा उभा असतो. पंधरा-सोळाच्या मुलासाठी आमच्या घरात निर्णय झाला तो शिडीचा, आणि आजही तोच घेतला असता.

कुणाचाही करार समोर आला तर घाई करू नका. लीगमध्ये ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडून घेण्याची पद्धत) नाही. १९९१ मध्ये फेडरल न्यायालयाने तो रद्द ठरवला, म्हणून मुलगा कुठे जाईल हे पूर्णपणे तुम्ही आणि क्लब ठरवता. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. पुढच्या दोन मोसमांत मुलगा कोणत्या संघात आणि कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली असेल. संघात नाव न आलेल्या आठवड्यात त्याला स्थानिक क्लबकडून खेळता येईल का. सामन्याच्या संघाबाहेर राहून नुसता सराव करणारा मुलगा एका मोसमात फार मागे जातो. आणि गुडघा किंवा खांदा गेला तर शस्त्रक्रियेनंतरचे महिने कोण सांभाळेल, कुठे राहून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एखाद्या माणसाच्या नावासह मिळालं नाही, तर आकडा कितीही चांगला असला तरी थांबा.