युगांडाच्या राजवाड्यातले पंधरा ढोल

गोव्याचा घुमट (मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं वाद्य) वाजवणाऱ्या, शामेळावर (काठ्यांनी वाजवायच्या चर्मवाद्यावर) बसणाऱ्या, देवळातला चौघडा ऐकत वाढलेल्या प्रत्येकाने ही सीडी एकदा तरी नीट बसून ऐकावी, असं माझं मत आहे. नाव ‘रॉयल कोर्ट म्युझिक फ्रॉम युगांडा’. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या एसडब्ल्यूपी रेकॉर्ड्सने काढलेली. आतलं ध्वनिमुद्रण मात्र १९५० आणि १९५२ सालचं, आफ्रिकेतलं संगीत जमवत फिरणारे ह्यू ट्रेसी यांनी केलेलं. युगांडातल्या बुगांडा, बुन्योरो आणि अंकोले या तीन राज्यांच्या दरबारांत जे वाजत होतं आणि गायलं जात होतं, ते यात आहे. माझी भाची परदेशात नोकरीला असते. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी येताना तिने ही माझ्यासाठी आणली. आम्ही गोव्यातल्या अस्नोड्याकडचे, गावात आमचं आरती मंडळ आहे, आणि तेव्हापासून ही सीडी मंडळातल्या घराघरांतून फिरते आहे.

पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, हे लाकडी पट्ट्यांचं काहीतरी वाद्य असावं. चाल इतकी स्वच्छ होती. माहिती वाचली तेव्हा कळलं की ते ढोल आहेत. बुगांडाच्या राजाचा, म्हणजे कबाकाचा, ‘एन्तेंगा’. एकूण पंधरा ढोल. त्यातले बारा वेगवेगळ्या सुरांना लावलेले, त्यांच्यावर चौघे जण चाल वाजवतात. उरलेले तीन मोठे ढोल दोघांकडे, ते ठेका धरतात. आपण तबला सुरात लावतो, शामेळाचं कातडं तापवून ताणून घेतो, पण बारा ढोलांवर सबंध गाणं वाजवायचं ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. हे वाद्य फक्त कबाकाच्या राजवाड्यातच वाजायचं. राजधानी कंपालाच्या सामान्य माणसालाही ते सहज ऐकायला मिळत नसे.

लाकडी वाद्यंही आहेतच. ‘अमादिंदा’ म्हणजे केळीच्या दोन गाभ्यांवर आडव्या मांडलेल्या बारा जाड पट्ट्या. समोरासमोर बसून वाजवतात. पहिला वादक आपली ओळ धरतो, दुसरा बरोबर त्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत आपले ठोके टाकतो. एका उखळीत दोघी बायका भात कांडतात, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, तसंच हे चालतं. मग तिसरा वादक येतो. त्याच्याकडे सर्वांत उंच सुरांच्या दोनच पट्ट्या. खालच्या दोन पट्ट्यांवर जे सूर त्या गुंत्यात पडतात ते तो कानाने उचलतो आणि वरच्या सप्तकात वाजवून दाखवतो.

गेरहार्ड कुबिक या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १९५९-६० मध्ये कंपालात एवारिस्तो मुयिंदा या राजदरबारी वादकाकडे बसून हे शिकून घेतलं. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट अशी की ऐकणाऱ्याच्या कानात ज्या सुरावटी उभ्या राहतात, त्या एकही वादक एकटा वाजवत नसतो. दोघांच्या ठोक्यांतले उंच सूर एकत्र होऊन एक ओळ बनते, खालचे मिळून दुसरी. सीडी लावून डोळे मिटून ऐका, थोड्या वेळाने तुम्हालाही ते होईल. एकदा वरची ओळ ऐकू येते, एकदा खालची, आणि वाजवणं तर जराही बदललेलं नसतं. आमच्या मंडळातल्या एका पोराने हे स्वतःहून सांगितलं तेव्हा मला फार आनंद झाला.

सूर ऐकताना पेटी जवळ घेऊ नका. मी घेतली. पाचच सूर आहेत म्हणून आधी भूप राग वाटतो, पण पट्टी जुळत नाही. सप्तकाचे पाच जवळजवळ सारखे भाग केलेले आहेत, त्यामुळे पेटीवरचा एखादा सूर जुळला की पुढचा हटकून सुटतो. हे नुसत्या कानावर न सोडता ट्रेसी मोजून ठेवायचे. त्यांच्याबरोबर स्वरकाट्यांचा (ट्यूनिंग फोर्कचा) संच असायचा. वाद्याचा प्रत्येक सूर काट्याशी जुळवून त्याची कंपनसंख्या कार्डावर लिहायची, त्याच कार्डावर गाव, तारीख, भाषा, वाद्य आणि वादकाचं नाव. मूळचे इंग्लंडचे, १९०३ चा जन्म, विशीच्या आसपास भावाच्या तंबाखूच्या मळ्यावर काम करायला दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, आले आणि मळ्यातल्या मजुरांची गाणी शिकता शिकता आयुष्यभर याच कामाला लागले. १९५४ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेत इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्युझिक स्थापन केली. ती आज ऱ्होड्स विद्यापीठात आहे. त्यांच्या ‘साउंड ऑफ आफ्रिका’ या मालिकेत दोनशेवर एलपी आहेत. माइक ते स्टँडवर ठेवून मोकळे होत नसत. हातात धरून वाद्याजवळ नेत, गाणाऱ्याकडे वळवत. या सीडीवर तो हात ऐकू येतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. २४ मे १९६६ रोजी तेव्हाचे सत्ताधारी मिल्टन ओबोटे यांच्या हुकमावरून सैन्याने कबाकाच्या राजवाड्यावर हल्ला केला. सैन्याचं नेतृत्व पुढे हुकूमशहा झालेल्या इदी अमीनकडे होतं. कबाका दुसरे मुतेसा निसटून लंडनला गेले, तिथेच १९६९ मध्ये वारले. हल्ल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, देशातली सगळी राज्यं कायद्याने रद्द झाली. दरबारच उरला नाही तर दरबाराचे वादक कुठले राहणार? ते पांगले. एन्तेंगा गप्प झाला. १९९३ मध्ये राज्य पुन्हा मान्य झालं, कबाका गादीवर आले, पण मधे एक पिढी गेली होती. हल्ल्याच्या आधीच्या त्या दरबाराचा खरा आवाज ऐकायचा तर आज अशाच थोड्या मुद्रणांकडे वळावं लागतं.

तरीसुद्धा नुसत्या मुद्रणावरून एन्तेंगा परत उभा राहिला नाही, आणि आपण सगळ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. मुद्रण एकाच माइकवर, सगळे ढोल एकत्र. कुठला ठोका कुणाचा हे त्यावरून वेगळं काढणं फार अवघड. चार जण एकमेकांच्या मधल्या जागा भरत असतात, आणि आपल्याला ऐकू येते ती त्यांची झालेली बेरीज. युगांडातल्या क्याम्बोगो विद्यापीठाच्या जेम्स इसाबिर्ये यांनी काही वर्षांपूर्वी तरुण मुलं गोळा करून हे वाद्य पुन्हा शिकवायचं काम हाती घेतलं, ते जुन्या दरबारी वादकांपैकी हयात असलेल्या माणसाला गुरू करून. जुनं मुद्रण साथीला होतं, पण ठोका कसा टाकायचा ते त्या म्हाताऱ्या हातांनी दाखवलं. बुसोगा भागातल्या ‘बिग्वाला’ या लांब भोपळ्याच्या तुताऱ्यांचंही तसंच. २०१२ मध्ये युनेस्कोने त्यांना तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घातलं. तिथे तर आधी तो भोपळाच पुन्हा लावावा लागला, कारण वाजवणं थांबलं तसं तो पिकवणंही थांबलं होतं. एकेक तुतारी एकच सूर देते, म्हणून माणसंही तेवढी हवीत. या सीडीवर बुन्योरोच्या दरबारातले भोपळ्याचे कर्णे आहेत, ‘अमाकोंदेरे’. तेही याच जातीचे, ते ऐकून कल्पना येईल.

हे कळल्यावर मी आमच्या मंडळाची सुंवारी (घुमट-शामेळाच्या साथीचा गायन-वादनाचा प्रकार) रेकॉर्ड करायची पद्धत बदलली. चवथीत दहा मोबाइल वर धरलेले असतात आणि सगळ्यांत कासाळ्याचा (झांजांचा) कल्लोळ तेवढा येतो, घुमट बुडतो. व्हॉट्सअॅपवर गेल्यावर तर राहिलेलाही जातो. आता आम्ही एकेका घुमटकाराला वेगळं बसवतो. आधी त्याने आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं, कुणाकडे शिकला ते सांगायचं. मग एकट्याने वाजवायचं. माइक घुमटाच्या उघड्या तोंडाच्या बाजूला नेला की डाव्या हाताने दाबलेला-सोडलेला घुमारा मिळतो, कातड्याकडे नेला की बोटं कळतात. शामेळ वेगळा, कासाळे वेगळे. आणि शेवटी सगळे एकत्र. वेळ लागतो, म्हातारी माणसं कंटाळतात, चहा दोनदा करावा लागतो. पण उद्या कुणाला चंद्रावळीसारखी सुंवारी शिकायची असेल तर त्याला कुणाचा हात काय करत होता ते मिळेल. व्हिडिओही करतो, हातांवर रोखून.

आमच्या शेजारी एक वयस्क बाय आहे. तिचं बालपण कंपालात गेलं. १९७२ मध्ये अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा घर सोडून आलेल्या गोंयकारांपैकी ती एक. तिला मी सीडी ऐकवली. एन्तेंगा तिला ओळखीचा नव्हता, आणि असण्याचं कारणही नव्हतं. पण गाणी लागली तशी लुगांडा या बुगांडाच्या भाषेचे शब्द तिला एकेक करून कळू लागले, आणि मग ती त्या भाषेत मोजायलाच लागली. तिनेच ‘एन्गालाबी’ची आठवण सांगितली, हातांनी वाजवायचा लांबट ढोल, त्याला आपल्या घोरपडीच्याच कुळातल्या प्राण्याचं कातडं. आमच्या घुमटालाही पूर्वी घोरपडच लागायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद, आता बकऱ्याचं. आवाज बदलला, हे जुने लोक सांगतात, आणि त्या जुन्या आवाजाचं चांगलं मुद्रण आमच्या भागात कुणाकडे असेल तर मला ते ऐकायचं आहे.

उणिवाही आहेत. तुकडे छोटे आहेत. तेव्हाच्या तबकडीला तीन-साडेतीन मिनिटांच्या वर जागा नव्हती, त्यामुळे रंग भरायला लागतो तोच आवाज बारीक होत संपतो. जे वादन तिथे तासभर चालत असेल त्याचा हा घोटभर. आणखी एक सल आहे. वसाहतीच्या काळात गोऱ्या माणसाने जमवलेलं हे धन ज्यांचं होतं त्यांच्या गावांत कित्येक वर्षं पोचलंच नाही. २०१४ मध्ये ट्रेसींच्या त्या लायब्ररीच्या डायन थ्रॅम आणि नैरोबीच्या केतेबुल म्युझिकचे ताबू ओसुसा यांनी केनियातली मुद्रणं केनियाच्या गावांत परत नेली. ते आधीच व्हायला हवं होतं. आपल्याकडे धालो (बायकांची नाचगाणी) आणि जागोर (लोकनाट्य) रेकॉर्ड करून नेणारे पुष्कळ येतात. मांडावरच्या, म्हणजे हे खेळ होतात त्या जागेवरच्या, बायकांना त्याची प्रत मिळाली का, हे मी आता प्रत्येकाला विचारतो.

ज्यांना पैसे न घालता सुरुवात करायची आहे त्यांनी आधी ‘सिंगिंग वेल्स’ ऐकावं, पाहावं. केतेबुल आणि लंडनच्या अबुबिला म्युझिकचा हा उपक्रम, २०११ मध्ये सुरू झालेला. केनिया, युगांडा आणि आसपासच्या देशांत गावोगाव जाऊन केलेली मुद्रणं व्हिडिओसकट इंटरनेटवर फुकट आहेत. हात दिसतात, वाद्य दिसतं, माणूस बोलतो. शिकणाऱ्याला ते जास्त उपयोगी. पण दरबाराचा भरलेला नाद तुम्हाला या जुन्या सीडीवरच मिळेल.

ऐकताना मोबाइलचा छोटा स्पीकर नको, हेडफोन घ्या किंवा देवळातली चांगली साउंड सिस्टीम मोकळी असेल तेव्हा त्यावर लावा. एन्तेंगाचे तीन मोठे ढोल नाहीतर ऐकूच येत नाहीत. आमच्याकडची प्रत सध्या डिचोलीच्या एका मंडळात गेली आहे. परत आली की पुढे पेडण्याला जायची आहे, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.