कुत्र्याचं नेलकटर: पकडीसारखंच घ्या

आमच्या लॅब्रॅडॉरची नखं काळीकुट्ट, आतली नस बाहेरून दिसतच नाही. म्हणून हे पकडीच्या आकाराचं नेलकटर मला फार आवडलं. जाड नखही एका दाबात साफ कापतं, चिरडत नाही. पात्यामागच्या गार्डवर (नख जास्त आत जाऊ नये म्हणून असलेल्या पट्टीवर) मात्र विसंबू नका, नस कुठवर आलीय हे त्याला काय कळणार! पातळ पातळ चकत्याच काढा. कापलेल्या जागी मधोमध काळपट, ओलसर ठिपका दिसला की लगेच थांबा. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं नख आठवणीने कापा. ते जमिनीवर झिजत नाही, वळून कातडीत रुततं. कॉर्नफ्लॉवर हाताशी असू द्या, रक्त आलंच तर दाबून धरायला. सोबतची कानस अगदीच गुळगुळीत आहे, ती वेगळी घ्यावी लागेल.